वायर खोचली की कीबोर्ड वाजायलाच हवा: मिडी जोडणी आपोआप कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. रास्पबेरी पाय ४ (एक छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’), त्यावर लिनक्स आणि फ्लुइडसिंथ (संगणकातूनच वाद्यांचे आवाज काढणारा प्रोग्रॅम, म्हणजे सॉफ्टवेअर सिंथ). यूएसबीला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, आणि दुसऱ्या यूएसबीला, पलीकडच्या टोकाला पाच पिना असलेल्या स्वस्त मिडी केबलवरून एक जुना ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य). मिडी म्हणजे कुठला स्वर कधी वाजला हे वाद्यांनी एकमेकांना सांगायची भाषा. घरी सगळं झकास वाजतं. कार्यक्रमाला मात्र दर वेळी मॉनिटर आणि माऊस सोबत न्यावा लागतो, कारण पाय चालू झाल्यावर क्यूजॅककंट्रोल या जोडण्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या खिडकीत जाऊन कीबोर्डापासून सिंथपर्यंत हाताने रेघ ओढावी लागते. मध्येच वायर हलली की पुन्हा तेच. “चालू होताना जोडणीची आज्ञा चालेल अशी स्क्रिप्ट लिहिली, पण ती कधी चालते, कधी नाही. हे कायमचं आपोआप होणार नाही का?”

होतं. आणि स्क्रिप्ट ‘कधी चालते, कधी नाही’ यामागे भुताटकी नाही, दोन साध्या चुका आहेत. तुम्ही नंबराने जोडताय, आणि अंदाजाने वेळ धरून जोडताय. या दोन्ही मीही केल्यात, त्याही भर कार्यक्रमात. गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा होता. लाइट गेली, जनरेटर सुरू झाला. पाय माझ्या बॅटरी बँकेवर होता म्हणून चालूच राहिला, पण कीबोर्ड बंद पडून परत सुरू झाला. मी पट्टी दाबली तर आवाज नाही. गायकाने मुखडा तिसऱ्यांदा घेतला तेव्हा ढोलकीवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती अजून लक्षात आहे.

आधी हे का होतं ते बघू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

मिडी १९८३ सालचं आहे. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना वायरने जोडून वाजवून दाखवले. त्या काळी ‘जोडणी’ म्हणजे खरोखरची वायर. पाच पिनांची केबल, एका दिशेने जाणारे सेकंदाला ३१,२५० बिट, बस्स. पलीकडे कोण आहे, ऐकतोय का, याची विचारपूस त्यात नाही. वायर खोचलेली आहे तोवर जोडणी आहे.

संगणकात शिरल्यावर ही वायर हरवते. लिनक्समध्ये कर्नेलच्या, म्हणजे त्याच्या गाभ्याच्या, आत आल्सा सिक्वेन्सर नावाची एक व्यवस्था असते. प्रत्येक कीबोर्ड, प्रत्येक सॉफ्टवेअर सिंथ तिच्या दृष्टीने एक ‘क्लायंट’, आणि त्याला एक किंवा जास्त ‘पोर्ट’, म्हणजे मिडी आत-बाहेर करायची दारं. तुम्ही माऊसने जी रेघ ओढता ती म्हणजे कर्नेलच्या वहीतली एक नोंद: अमक्याचं तमक्याला पोचवायचं. दोघांपैकी एकजण उठून गेला की नोंद पुसली जाते. तो परत आला तरी कर्नेल ती पुन्हा लिहीत नाही, कारण परत आलेला तोच आहे हे त्याच्या लेखी सिद्ध झालेलं नसतं. म्हणजे ‘आपोआप जोडणं’ याचा अर्थ इतकाच, की तुमची इच्छा कुठेतरी लिहून ठेवायची आणि दारावर एक माणूस बसवायचा, जो कोणी आत आलं की वही उघडून बघेल.

आता नंबर. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ए-कनेक्ट ही आज्ञा वजा-एल लावून चालवा. (आज्ञांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून मी तोडून लिहितोय. टाइप करताना इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं, एकसलग, मधली आडवी रेघ न घालता.) जी यादी येते तिच्यात पहिला असतो ० नंबरचा ‘सिस्टिम’. मग १४ वर ‘मिडी थ्रू’. त्यानंतर तुमची यंत्रं, आणि १२८ पासून पुढे प्रोग्रॅम. यंत्रांचे नंबर कुठून येतात? साउंड कार्डाच्या क्रमांकावरून, कारण लिनक्स यूएसबी मिडी यंत्रालाही एक साउंड कार्डच मानतं. १६ पासून सुरुवात आणि प्रत्येक कार्डाला चार-चार जागा: शून्य नंबरच्या कार्डाला १६, पहिल्याला २०, दुसऱ्याला २४, तिसऱ्याला २८. पाय ४ वर हेडफोनचं एक आणि एचडीएमआयची दोन कार्डं आधीच जागा अडवून बसलेली असतात, म्हणून पहिल्या यूएसबी यंत्राला बहुतेक वेळा २८ मिळतो आणि दुसऱ्याला ३२.

पण आज कीबोर्ड आधी जागा झाला तर तो २८. उद्या ऑक्टोपॅडची केबल आधी जागी झाली तर ती २८ आणि कीबोर्ड ३२. चालू असताना वायर निघून परत लागली आणि जुनी जागा अजून कोणीतरी धरून ठेवलेली असली, तर नंबर आणखी पुढे सरकतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये २८ ला १२८ शी जोड असं लिहिलंय. निम्म्या वेळा ती बरोबर निघते, आणि निम्म्या वेळा बरोबर निघते म्हणूनच ती इतकी फसवी आहे.

उपाय: नावाने जोडा. ए-कनेक्टला नंबराच्या जागी क्लायंटचं नाव चालतं. नावात मोकळी जागा असेल तर अवतरणचिन्हांत घाला, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग पोर्टचा नंबर, जो बहुधा शून्य. नाव यादीत जसं दिसतं तसंच्या तसं, लहान-मोठ्या अक्षरांसकट. पूर्ण नाव दिलं नाही तरी चालतं: सुरुवातीची अक्षरं जुळली की तो जुळलं असं मानतो. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडते, कारण फ्लुइडसिंथची एक खोड आहे. तो आपल्या नावापुढे कंसात स्वतःचा प्रोसेस क्रमांक लावतो. आज ‘फ्लुइड सिंथ’च्या पुढे कंसात ६१२, उद्या ५८९. पूर्ण नाव स्क्रिप्टमध्ये चिकटवलंत तर दुसऱ्या दिवशी ते नाव जगात नसतं. म्हणून फक्त कंसाच्या आधीचा भाग लिहा. किंवा फ्लुइडसिंथच्या सेटिंगमध्ये आल्सा सिक्वेन्सरचा आयडी म्हणून एक ठरावीक शब्द देऊन टाका, की कंसात कायम तोच शब्द येईल. मी ‘मंच’ असा दिलाय, अर्थात इंग्रजी अक्षरांत.

इथे एक आडवी गोष्ट. यादीत फ्लुइडसिंथ दोनदा दिसत असेल तर डोळे चोळू नका. लिनक्सच्या काही वितरणांत, म्हणजे वेगवेगळ्या तयार संचांत, पॅकेजबरोबर त्याची एक स्वतःची सेवाही (मागे आपोआप चालणारी प्रत) येते आणि लॉगिन होताच ती सुरू होते. तुमच्या स्क्रिप्टने दुसरा सुरू केला की दोघांपैकी एकाकडे स्पीकर आणि दुसऱ्याकडे जोडणी, असा संसार होतो. एक बंद करा.

आता वेळ. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ‘दहा सेकंद थांब, मग जोड’ अशी ओळ असणार, पैजेवर सांगतो. सगळेच तशी लिहितात. मोठी साउंडफॉन्ट फाइल (वाद्यांच्या आवाजांची) वाचायला पायला कधी सहा सेकंद लागतात, कधी सोळा. मेमरी कार्ड जुनं झालं की आणखी. आणि हे झालं फक्त सुरुवातीचं. कार्यक्रमाच्या मध्यात वायर हलली तर ती दहा सेकंदांची ओळ कधीच येऊन गेलेली असते.

काही जण इथे यूडेव्हचा (लिनक्समध्ये यंत्रांची ये-जा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा) रस्ता धरतात: यंत्र यूएसबीला लागलं की यूडेव्हने स्क्रिप्ट चालवायची. कल्पना चांगली आहे, पण त्यात दोन खड्डे आहेत. एक, यूडेव्हला यंत्र दिसतं तो क्षण आणि सिक्वेन्सरमध्ये त्याचं पोर्ट तयार होतं तो क्षण हे वेगळे असतात. तुमची स्क्रिप्ट त्या फटीत पडली की ‘असा क्लायंट नाही’ म्हणून परत येते. दोन, यूडेव्हमधून सुरू केलेलं लांबलचक काम तो मध्येच मारून टाकतो, त्यामुळे तिथे थांबून वाट बघण्याची सोय नाही. आणि तिसरं म्हणजे फ्लुइडसिंथ स्वतः कोसळून पुन्हा उठला तर यूडेव्हला त्याचं सोयरसुतक नाही, त्याच्या दृष्टीने यूएसबीवर काही घडलेलंच नाही. दोन म्हणालो होतो, तीन झाले.

खरा रस्ता सिक्वेन्सरच्या आतच आहे. तो ० नंबरचा ‘सिस्टिम’ नुसता शोभेचा नाही. त्याच्या १ नंबरच्या पोर्टाचं नाव ‘अनाउन्स’. रेल्वे फलाटावरच्या भोंग्यासारखं त्याचं काम: कोणी क्लायंट आला, कोणाचं पोर्ट उघडलं, कोण गेलं, कोण कोणाशी जोडलं गेलं, सगळं तिथे पुकारलं जातं. जो ऐकेल त्याला कळतं. एकदा ए-सेक-डंप ही आज्ञा वजा-पी लावून शून्य-टिंबं-एक या पत्त्यावर सुरू करा आणि कीबोर्डची वायर काढून घाला. ‘पोर्ट एक्झिट’, ‘क्लायंट एक्झिट’, मग थोड्या वेळाने ‘क्लायंट स्टार्ट’, ‘पोर्ट स्टार्ट’, प्रत्येकासमोर नंबर. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की अर्धा विषय संपतो.

मग स्क्रिप्ट काय असते? ए-सेक-डंपचं बोलणं एका फेऱ्यात (लूपमध्ये) ओळीओळीने वाचत बसायचं. ‘पोर्ट स्टार्ट’ शब्द असलेली ओळ आली की नावाने जोडणीच्या दोन आज्ञा चालवायच्या: कीबोर्डकडून सिंथकडे, ऑक्टोपॅडकडून सिंथकडे. कोण आलं याची चौकशी करत बसायची गरज नाही. कोणीही आलं तरी दोन्ही आज्ञा चालवा. आधीच जोडलेलं असेल तर ‘आधीच जोडलंय’ अशी कुरकुर येते, ती कचऱ्यात टाका. यंत्र हजर नसेल तर तीही चूक गिळून टाका. आणि स्क्रिप्ट सुरू होताना एकदा विनाकारण तशाच चालवा, म्हणजे तिच्या आधी आलेले पाहुणे सुटणार नाहीत. एवढं झालं की आधी कीबोर्ड, मग सिंथ, किंवा उलट, किंवा मधोमध वायर हलली, कुठल्याही क्रमाने जोडणी लागते. नंबर काय मिळाला याचा प्रश्नच उरत नाही.

‘पोर्ट स्टार्ट’ असंच लिहा, ‘क्लायंट स्टार्ट’ नको. हा धडा मी फुकटात घेतलेला नाही. पहिल्यांदा मी ‘क्लायंट स्टार्ट’ वर जोडणी लावली होती. पाय तापायला लागला, आवाज तुटायला लागला, मला वाटलं कार्ड गेलं. मग लक्षात आलं, ए-कनेक्ट ही आज्ञासुद्धा चालताना क्षणभर सिक्वेन्सरची क्लायंट होते. म्हणजे मी एक आज्ञा चालवली की भोंग्यावर ‘नवा क्लायंट आला’ असा पुकारा, त्यावर माझी स्क्रिप्ट पुन्हा आज्ञा चालवते, पुन्हा पुकारा. स्वतःच्याच शेपटीमागे धावणारं कुत्रं मी पाळलं होतं. ए-कनेक्ट पोर्ट मात्र उघडत नाही, म्हणून ‘पोर्ट स्टार्ट’ वर ही अडचण येत नाही.

ही स्क्रिप्ट सिस्टिमडीची (लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेची) सेवा म्हणून लावा. कोसळली तर पुन्हा सुरू कर असा पर्याय त्यात द्या, आणि ज्या वापरकर्त्याच्या नावाने ती चालते तो ऑडिओ गटात (ध्वनीयंत्रं वापरायची परवानगी असलेल्यांत) आहे का बघून घ्या. मॉनिटर न लावता चालवायचं तर वापरकर्त्याची सेवा न करता सिस्टिमची करा. वापरकर्त्याची सेवा लॉगिन झाल्याशिवाय जागी होत नाही, आणि घरी आपण नेहमी लॉगिन केलेलंच असतं म्हणून हे घरी कधीच लक्षात येत नाही.

“एवढं कशाला, तयार काही नाही का?” आहे, आणि आधी तेच वापरून बघा. सर्वात सोपं म्हणजे फ्लुइडसिंथमध्येच मिडीचं ऑटोकनेक्ट नावाचं सेटिंग आहे. ते १ वर ठेवलं की तो दिसेल त्या सगळ्या इनपुटांना स्वतःला जोडून घेतो. एक कीबोर्ड, एक सिंथ, बाकी काही नाही, असा संसार असेल तर इथेच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही. थोडा मोठा पसारा असेल तर ए-मिडी-माइंडर हा पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम बघा. एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये डावीकडे कोण, मध्ये बाण, उजवीकडे कोण, असे नियम लिहायचे. हा नेमका मॉनिटर नसलेल्या संगणकांसाठी लिहिलेला आहे. ब्लोकास ही कंपनी रास्पबेरी पायसाठी पायसाउंड नावाचं कार्ड बनवते. त्यांचा ए-मिडी-ऑटो मात्र उलट्या स्वभावाचा. तो सगळ्यांना सगळ्यांशी जोडत सुटतो आणि नको असलेल्या जोड्या तुम्ही फाइलमध्ये नाकारायच्या. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हे आवडतं, चौथ्या दिवशी त्याला कळत नाही की ऑक्टोपॅडवर काठी मारली की कीबोर्डातून पियानो का वाजतो. मी नियम लिहिणाऱ्यांच्या बाजूचा.

क्यूजॅककंट्रोल तुम्ही वापरताच, तर त्यात ‘पॅचबे’ नावाचा वेगळा विभाग आहे, तो एकदा उघडून बघा. ग्राफमध्ये ओढलेली रेघ तात्पुरती असते. पॅचबेमध्ये लिहून सक्रिय केलेली जोडी तो प्रोग्रॅम चालू असेपर्यंत राखतो आणि यंत्र परतलं की पुन्हा जोडतो. अनेक वर्षं हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं. एजे-स्नॅपशॉट (याच्या नावात मात्र मधली आडवी रेघ टाइप करायची) हाही जुना आणि विश्वासू: आत्ताच्या जोडण्यांचा फोटो काढून फाइलमध्ये ठेवतो आणि पहारेकरी म्हणून बसवला तर तो फोटो सतत खरा ठेवतो. अट एकच, फोटो काढताना फ्लुइडसिंथचं नाव तो कंसातला आकडा सोडून स्थिर केलेलं असावं.

आता, कोणाला जोडायचं यापेक्षा कोणाला *नाही* जोडायचं हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि त्यावर कोणी फारसं बोलत नाही.

१४ नंबरचा ‘मिडी थ्रू’ हा एका बाजूने आलेलं दुसऱ्या बाजूने सोडणारा नळ आहे. आपोआप जोडणाऱ्याने कीबोर्ड थ्रूला जोडला, थ्रू सिंथला जोडला, आणि कीबोर्ड थेट सिंथलाही जोडला, तर प्रत्येक स्वर दोनदा वाजतो. आवाज मोठा, जरा पोकळ, फेज मारल्यासारखा येतो. लोक साउंडफॉन्टला दोष देतात. डेस्कटॉपवर यादीत पाइपवायरची (नव्या लिनक्समध्ये आवाज सांभाळणाऱ्या व्यवस्थेची) एक-दोन नावं दिसतील, तीही सोडा. बऱ्याच नव्या कीबोर्डांना दोन पोर्ट असतात, एक स्वरांचं आणि दुसरं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची बटणं चालवायचं. दुसरं सिंथला जोडलं तर प्ले-स्टॉपचं बटण दाबल्यावर भलताच सूर लागतो किंवा आवाजच बदलतो. फक्त शून्य नंबरचं पोर्ट घ्या. आणि ज्या कीबोर्डला स्वतःचा आवाज आहे त्याच्याकडे संगणकातून काही परत पाठवत असाल तर त्याचं ‘लोकल कंट्रोल’ (पट्टी दाबल्यावर स्वतःचाच आवाज थेट वाजवणं) बंद करा, नाहीतर पुन्हा तोच दुहेरी सूर.

तुमच्या ऑक्टोपॅडच्या केबलबद्दल. ती स्वस्तातली केबल आहे असं म्हणालात. अशा केबलींना बहुधा स्वतःचा अनुक्रमांक नसतो आणि नावही ‘यूएसबी मिडी’ असलं काहीतरी सरधोपट असतं. एकच असेल तोवर ठीक. उद्या दुसऱ्या कीबोर्डसाठी तसलीच आणखी एक घेतलीत, की यादीत एकाच नावाचे दोन क्लायंट येतील आणि नावाने जोडायची आपली सगळी हुशारी तिथे संपेल. कार्डाचं टोपणनाव यूडेव्हने बदलता येतं, पण सिक्वेन्सरमधलं नाव त्याने बदलत नाही. त्या वाटेला जाऊन मी एक रविवार घालवलाय. सरळ उपाय दोन. एकतर दोन वेगळ्या कंपन्यांच्या केबली घ्या, किंवा दोन इनपुट असलेला एकच इंटरफेस, ज्यात पोर्ट शून्य आणि पोर्ट एक कायम ठरलेले असतात.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो: भेद वायरीवर ठेवूच नका, चॅनलवर ठेवा. मिडीत १६ चॅनल आहेत, म्हणजे एकाच वायरीत सोळा वेगळे पत्ते. ऑक्टोपॅडला १० वर पाठवायला सांगा (जनरल मिडीत, म्हणजे आवाजांच्या ठरलेल्या मांडणीत, तालवाद्यांचं घर तेच, फ्लुइडसिंथही तिथे ड्रमकिट तयार ठेवतो), कीबोर्डला १ वर, दुसऱ्या कीबोर्डला २ वर. सगळ्या वायरी एकाच सिंथला जोडा. मग कुठली केबल कुठली हे संगणकाला कळलं नाही तरी काही बिघडत नाही. यंत्रातली ही सेटिंग यंत्र स्वतः लक्षात ठेवतं, संगणकाच्या भरवशावर राहावं लागत नाही. फक्त ऑक्टोपॅडवर चॅनल बदलल्यावर ते पॅचमध्ये (आवाजांच्या संचात) साठवायला विसरू नका. बऱ्याच मॉडेलांत चॅनल प्रत्येक पॅचमागे वेगळा असतो, आणि तुम्ही लावणीच्या पॅचवर बदललेला चॅनल भजनाच्या पॅचवर जुनाच निघतो.

त्या स्वस्त केबलींपैकी काहींत सीएच३४५ नावाची चिप असते, ती सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेश (यंत्राची आतली माहिती नेणारे) येताना बिघडवते. लिनक्सच्या कर्नेलमध्ये तिच्यासाठी वेगळी डागडुजी केलेली आहे. काठ्या वाजवायला ती पुरते. ऑक्टोपॅडमधले पॅच संगणकावर उतरवून ठेवायला तिच्यावर विसंबू नका.

आपोआप जोडणी लागली की एक नवीन दुखणं सुरू होतं, ते आधीच सांगून ठेवतो. तुम्ही तीन पट्ट्या दाबून धरल्यात आणि त्याच क्षणी वायर निघाली. ‘स्वर सुरू’ हा संदेश सिंथला पोचलाय, ‘स्वर बंद’ कधीच पोचणार नाही. ऑर्गनचा किंवा हार्मोनियमचा आवाज असेल तर तो सूर तानपुऱ्यासारखा लागून राहतो. वायर परत लागते, स्क्रिप्ट इमानदारीत जोडते, तुम्ही वाजवायला लागता आणि मागे तो भूपाळीला लागलेला सूर चालूच. अस्सल मिडीत यासाठी ‘ॲक्टिव्ह सेन्सिंग’ नावाची नाडी आहे: यंत्र सतत ‘मी आहे’ म्हणतं आणि ३०० मिलिसेकंद काही ऐकू आलं नाही की पलीकडच्याने सगळे स्वर सोडून द्यायचे. पण सगळी यंत्रं ती पाठवत नाहीत आणि सगळे प्रोग्रॅम ती ऐकत नाहीत.

म्हणून मी स्क्रिप्टमध्येच सोय केलीय. एक इवलीशी मिडी फाइल बनवली, तिच्यात सोळाही चॅनलवर आधी ६४ नंबरचा कंट्रोल शून्यावर, म्हणजे पाऊल उचलल्यासारखं सस्टेन पेडल (स्वर लांबवणारं) सोडणं, आणि मग १२३ नंबरचा कंट्रोल, म्हणजे सगळे स्वर बंद. ‘पोर्ट एक्झिट’ ची ओळ आली की ए-प्ले-मिडीने ती फाइल सिंथला वाजवायची. पेडलचा संदेश आधी हवा, नाहीतर पेडल दाबलेलं असताना १२३ येऊनही सूर लांबतच राहतो. १२० नंबरचा कंट्रोल आवाज कापून टाकतो, पण तो कुऱ्हाडीने कापल्यासारखा वाटतो, गाण्यात बरा दिसत नाही.

यातही तेच शेपटीचं कुत्रं बसलेलं आहे. ए-प्ले-मिडी स्वतः पोर्ट उघडतो आणि संपताना बंद करतो, म्हणजे त्याचाही ‘पोर्ट एक्झिट’ पुकारला जातो, त्यावर पुन्हा फाइल, पुन्हा पुकारा. इथे मात्र नंबर कामाला येतो. यंत्रांचे नंबर १२८ च्या खाली, प्रोग्रॅमांचे १२८ पासून वर. ओळीतला नंबर १२८ पेक्षा कमी असेल तरच फाइल वाजवायची. नंबराने जोडू नका म्हणालो, पण जात ओळखायला नंबर चालतो.

हे सगळं आल्सा सिक्वेन्सरबद्दल झालं. तुम्ही फ्लुइडसिंथऐवजी आर्डर किंवा कार्लासारखा ध्वनीचा दुसरा प्रोग्रॅम वापरायला लागलात तर त्यांची मिडी पोर्टं बहुधा जॅक या वेगळ्या जोडणी-व्यवस्थेच्या जगात असतात आणि ए-कनेक्टच्या यादीत दिसतच नाहीत. नव्या वितरणांत आता पाइपवायर आहे (फेडोरात २०२१ पासून, उबुंटूत २०२२ च्या २२.१० पासून मूळ व्यवस्था म्हणून), तो दोन्ही जगांमध्ये पूल टाकतो. तिथे क्यूपीडब्ल्यूग्राफ हा जोडण्यांचा प्रोग्रॅम वापरा. हव्या तशा रेघा ओढा, पॅचबे म्हणून फाइलमध्ये साठवा आणि ‘ॲक्टिव्हेटेड’ ची खूण करा. ‘एक्सक्लुझिव्ह’ ची खूण करताना विचार करा, ती केल्यावर फाइलमध्ये नसलेली प्रत्येक जोडणी तो तोडतो. कधीकधी नेमकं तेच हवं असतं. दोन्ही जगांत एकाच वेळी दोन पहारेकरी मात्र बसवू नका. पुन्हा दुहेरी सूर येईल आणि या वेळी शोधायला दुप्पट वेळ लागेल.

लॅपटॉपवाल्यांसाठी दोन शब्द, कारण तुमच्या मंडळातला तबलजी विंडोज वापरतो असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. मॅकवर हा प्रश्न फारसा येत नाही. तिथली व्यवस्था यंत्र ओळखून ठेवते आणि बहुतेक प्रोग्रॅम ‘सगळी इनपुट’ ऐकतात. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात मिडी न्यायचं असेल तर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये आयएसी ड्रायव्हर चालू करा. विंडोजवर जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरांत बहुधा एका वेळी एकच प्रोग्रॅम पोर्ट उघडू शकतो, दुसरा ‘यंत्र वापरात आहे’ म्हणतो. बऱ्याच प्रोग्रॅमांना नंतर लावलेलं यंत्र दिसत नाही, म्हणून आधी वायर, मग सॉफ्टवेअर. आणि वायर नेहमी त्याच यूएसबी खाचेत. दुसऱ्या खाचेत लावली की विंडोज नावाच्या आधी ‘२-’ चिकटवून त्याला नवं यंत्र समजतो आणि साठवलेली सेटिंग त्याला लागू होत नाहीत. माझ्या मित्राने खाचांना नेलपॉलिशचे ठिपके लावलेत. हसू नका, चालतं.

शेवटी एक तपासणी, कारण निम्म्या लोकांची अडचण मुळात जोडणीची नसतेच. पायची यूएसबी पोर्टं आणि त्यांच्यावर लावलेला बिनवीजपुरवठ्याचा हब, यांच्यावर दिव्यांनी झगमगणारे दोन कीबोर्ड टाकले की वीज कमी पडते. यंत्र क्षणभर मरतं आणि परत येतं. तुम्हाला वाटतं वायर हलली. डीमेसेज (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी) या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नेलच्या नोंदीत ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ वारंवार दिसत असेल, किंवा कमी व्होल्टेजची तक्रार असेल, तर आधी स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. स्क्रिप्ट कितीही हुशार असली तरी ती वीज पुरवू शकत नाही.

मी कार्यक्रमाच्या आदल्या रात्री असं करतो. पाय पूर्ण बंद. मॉनिटर नाही, माऊस नाही. यंत्रं न लावता पाय चालू करायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग ऑक्टोपॅड, मग कीबोर्ड. वाजलं पाहिजे. मग सगळं बंद करून उलट्या क्रमाने. मग ऑर्गनचा आवाज लावून, तीन बोटांनी स्वर धरून, कीबोर्डची वायर ओढून काढायची: सूर थांबला पाहिजे. परत खोचायची: तीन सेकंदांत वाजलं पाहिजे. मग वायर वेगळ्या खाचेत. मग फ्लुइडसिंथलाच मारून टाकायचं आणि तो उठून साउंडफॉन्ट वाचून पुन्हा जोडला जातो का बघायचं. यातलं काही अडलं तर ए-कनेक्टची यादी आणि ए-सेक-डंपचे पुकारे जसेच्या तसे उतरवून पाठवा, कुठल्या ओळीत घोळ आहे ते सांगतो.